विश्लेषण : कर्करोग घराण्यातून येतो का? कमल रणदिवे यांच्या उंदरांपासून मोठ्या आतड्याच्या जनुकांपर्यंत

शौचातून रक्त पडू लागले की आपल्याकडे पहिला संशय मूळव्याधीवर जातो. बहुतेक वेळा तो खराही निघतो. सोलापूर असो की बार्शी, एसटी स्टँडच्या आसपासच्या भिंतींवर मूळव्याध-भगंदरावरच्या हमखास इलाजाच्या इतक्या जाहिराती असतात की दुसरे काही असू शकते हे मनातही येत नाही. पण काही जणांच्या बाबतीत ते दुसरेच काही असते. मोठ्या आतड्याचा किंवा मलाशयाचा कर्करोग निघतो आणि मग घरात प्रश्न सुरू होतात. आजोबाही पोटाच्याच दुखण्याने गेले होते ना? आता मुलांचे काय? हा रोग आपल्या रक्तातच आहे का?

हा शेवटचा प्रश्न भारतात प्रयोगशाळेच्या टेबलावर घेणाऱ्या पहिल्या काही संशोधकांमध्ये पुण्याच्या एक बाई होत्या : डॉ. कमल रणदिवे. त्यांचा विषय स्तनाचा कर्करोग, आणि त्यांनी हा प्रश्न माणसांना नव्हे तर उंदरांना विचारला. आतड्याच्या कर्करोगातील जनुकांची उकल त्यांनी केलेली नाही. पण ज्या वाटेने ती उकल पुढे झाली, त्या वाटेवरची दोन-तीन महत्त्वाची ठिकाणे त्यांच्या आयुष्यात येतात. म्हणून आजचे विश्लेषण त्यांच्या निमित्ताने.

कोण होत्या कमल रणदिवे?

जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलगा असो वा मुलगी, शिक्षण पूर्ण झालेच पाहिजे असा त्यांचा कटाक्ष होता. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन त्या विशेष प्रावीण्यासह पदवीधर झाल्या, १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. पत्नीच्या पुढच्या शिक्षणाला पतीची मनापासून साथ होती.

एमएस्सी त्यांनी १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून केली आणि विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा हे सगळे या एकाच कुळातले. बार्शीच्या सीताफळाचे नाव आज देशभर झाले आहे, त्यामुळे सोलापूरच्या वाचकाला हा तपशील जरा जवळचा वाटेल. पण त्याचे महत्त्व वेगळे आहे. पेशी रंगवायची, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, गुणसूत्रे मोजायची, त्यांचे आकार ताडायचे, हे काम कमल यांच्या हाताखालून कर्करोगाच्या आधी गेले होते. त्या काळात माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असेच पुस्तकांत छापलेले असे. खरा आकडा ४६ आहे हे १९५६ मध्ये कळले.

परळच्या प्रयोगशाळेत काय चालले होते?

टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये परळला सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. खानोलकरांचा डोळा माणसांच्या सवयींवर होता. कोण तंबाखू चघळतो, कोण पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढतो, कुठल्या भागात कुठला कर्करोग जास्त, याच्या त्यांनी नोंदी केल्या. त्याच वेळी मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीसमूहांचे रक्तगट आणि आनुवंशिक गुण तपासण्याचे कामही त्यांनी ल. द. संघवी यांच्यासोबत केले. बाहेरून काय येते आणि आतून काय येते, ही दोन्ही टोके त्यांनी धरून ठेवली होती.

अशा गुरूकडे कमल रणदिवे यांनी पीएचडी केली आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली. १९५२ मध्ये खानोलकरांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभारले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ते आयसीआरसी म्हणून ओळखले जाई.

रणदिवे यांचे उंदरांवरचे काम समजून घ्यायचे तर आधी उंदीर समजून घ्यायला हवेत. प्रयोगासाठी उंदरांचे वाण तयार करताना भावंडांचाच संकर निदान वीस पिढ्या करत जावे लागते. तेव्हा कुठे त्या वाणातला प्रत्येक उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळपास सारखा होतो. मग दिसते, की काही वाणांत बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो आणि काही वाणांत क्वचितच. पिंजरा, अन्न, पाणी सारखेच असताना फरक कशाचा? उत्तर सोपे वाटते : घराण्याचा.

पण १९३६ मध्ये अमेरिकेतील जॉन बिट्नर यांनी या उत्तरात खोच काढली होती. जास्त कर्करोगाच्या वाणाची पिल्ले जन्मताच दुसऱ्या वाणाच्या आईला पाजायला दिली, तर त्यांच्यातला कर्करोग कमी होतो. म्हणजे जे वारशाने येते असे वाटत होते, त्यातला काही भाग आईच्या दुधातून येत होता. पुढे कळले, की तो एक विषाणू आहे. विषाणू, संप्रेरके आणि जन्मजात कल या तिघांची गाठ कशी पडते, हा रणदिवे यांच्या संशोधनाचा गाभा राहिला. तिन्हींचा एकमेकांशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवला आणि स्तनाच्या कर्करोगाचे आनुवंशिकतेशी नाते असावे असे भारतात मांडणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना झाली.

माणसातही असा दुधातला विषाणू असेल का, याचा शोध पुढे मुंबईतही झाला. पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळत असल्याने तिथल्या स्त्रियांचे दूध तपासले गेले आणि १९७१ मध्ये त्यावर बराच गाजावाजाही झाला. माणसाच्या बाबतीत तो विषाणू आजवर ठामपणे सिद्ध झालेला नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या आनुवंशिकतेचे एक मोठे उत्तर १९९० च्या दशकात मिळाले ते वेगळ्याच दिशेने. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके सापडली. आणि ती होती ब्रेकची जनुके.

ब्रेकची जनुके म्हणजे काय?

पेशीला वाढण्याचा हुकूम देणारी जनुके असतात, ती ॲक्सिलरेटर. आणि आता थांब, दुरुस्ती कर, दुरुस्त होत नसशील तर मरून जा, असे सांगणारीही असतात. इंग्रजीत त्यांना ट्यूमर सप्रेसर म्हणतात, मराठीत गाठरोधक जनुके म्हणू.

ॲक्सिलरेटर बिघडून अडकला तर गाडी पळते, हे दाखवणे तुलनेने सोपे असते. ब्रेक बिघडला हे दाखवणे अवघड, कारण नसलेली गोष्ट शोधायची असते. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री साळूच्या अंड्यांतली गुणसूत्रे पाहता पाहता १९१४ मध्ये असा तर्क मांडला, की पेशीविभाजनाला आवर घालणारी काहीतरी रचना गुणसूत्रांत असावी आणि ती हरवली तर पेशी मोकाट सुटत असावी. पुरावा हाती यायला अर्धशतक गेले. आणि त्या पुराव्याचा एक धागा बाल्टिमोरमधून येतो, जिथे रणदिवे स्वतः राहून आल्या होत्या.

बाल्टिमोरमध्ये काय घडले?

पीएचडीनंतर खानोलकरांच्या सांगण्यावरून रणदिवे फेलोशिप घेऊन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवून वाढवण्याची कला, म्हणजे ऊतिसंवर्धन, शिकायला. गाय हे या कलेतले अवलिया. नळ्या फिरत्या ड्रममध्ये ठेवून पेशींना सतत पोषकद्रव मिळत राहील अशी युक्ती त्यांनी बसवली होती. तरी माणसाच्या पेशी काही दिवसांत मरून जात.

याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी आल्या आणि त्या मेल्याच नाहीत. हेला नावाने त्या आजही जगभर वाढत आहेत. त्या बाईंना किंवा त्यांच्या घरच्यांना याची कल्पना दिलेली नव्हती. विज्ञानाच्या या यशामागची ही बाजू विसरता येत नाही.

आता ब्रेककडे. ऑक्सफर्डमध्ये हेन्री हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये उंदराची कर्करोगी पेशी आणि निरोगी पेशी एकत्र जोडून एकच पेशी केली. कर्करोगात जोर असेल तर जोडपेशी कर्करोगी व्हायला हवी. झाले उलटे. ती शांत बसली. निरोगी पेशीने काहीतरी आणले होते, जे कर्करोगी पेशीकडे उरले नव्हते. १९७६ मध्ये एरिक स्टॅनब्रिज यांनी असाच प्रयोग माणसाच्या पेशींवर केला आणि कर्करोगी बाजूला घेतल्या त्या याच हेला पेशी. निकाल तोच.

हेलामध्ये ब्रेक का चालत नव्हते, तेही नंतर उलगडले. तिच्यात एचपीव्ही हा विषाणू शिरलेला होता. तो विषाणू जी प्रथिने बनवतो, त्यांतली एक जोडी पेशीतल्या आरबी आणि पी५३ या दोन मोठ्या ब्रेकना निकामी करते. जनुके जागेवर असतात, पण त्यांनी बनवलेली प्रथिने काम करू शकत नाहीत.

इथे थोडे आपल्या भागाकडे वळायला हवे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियलसह १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक चाचणी घेतली. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी केली, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, हे त्यातून दिसले. २००९ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या आरोग्य धोरणांनी त्याची दखल घेतली. विषाणू आणि कर्करोग यांचे नाते म्हणजे रणदिवे यांचा आयुष्यभराचा विषय. त्याचा माणसांना थेट उपयोग कसा होतो, हे बालाघाटाच्या गावागावांतून सिद्ध झाले. गावातल्या बायकांनी संकोच बाजूला ठेवून तपासणीला येणे हीच त्या चाचणीतली सर्वांत अवघड गोष्ट असणार, असे आम्हाला वाटते.

दोन ब्रेकचा हिशेब

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. सायकलला पुढचा आणि मागचा असे दोन ब्रेक असतात, तसेच. एक तुटला तरी सायकल थांबते. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यांतल्या एका कर्करोगाच्या ४८ रुग्णांचा अभ्यास करून हाच हिशेब मांडला. ज्या मुलाला एक बिघडलेली प्रत जन्मापासूनच मिळाली आहे, त्याच्या प्रत्येक पेशीत एकच ब्रेक उरलेला असतो. तो तुटायला एकच अपघात पुरतो, म्हणून त्यांना रोग लवकर होतो, अनेकदा दोन्ही डोळ्यांत होतो. इतरांना दोन वेगवेगळे अपघात एकाच पेशीत व्हावे लागतात.

घराण्यातून रोग येतो का, या प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे. घराण्यातून रोग येत नाही. एक तुटका ब्रेक येतो.

मोठ्या आतड्यात नेमके काय बिघडते?

आतड्याच्या आतल्या अस्तरात लाखो बारीक खळगे असतात. खळग्याच्या तळाशी मूळपेशी बसलेल्या असतात. त्या सतत नव्या पेशी बनवतात, नव्या पेशी हळूहळू वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. इतक्या वेगाने कारखाना चालतो म्हटल्यावर नकलेत चुका व्हायच्याच. रोज होतात, दुरुस्तही होतात.

वर सरकणाऱ्या पेशीला आता वाढ थांबव असे सांगण्यात मोठा वाटा एपीसी नावाच्या जनुकाचा असतो. बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरले की विभाजनाचे हुकूम सुटतात. एपीसीचे प्रथिन या बीटा-कॅटेनिनला पकडून नष्ट करण्याच्या यंत्रणेचा भाग असते. एपीसीच्या दोन्ही प्रती गेल्या, की बीटा-कॅटेनिन साठत जाते आणि पेशी खळग्यातून गळून पडायचे सोडून तिथेच वाढू लागते. अस्तरावर एक बारीक कोंब येतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. हा कर्करोग नव्हे. बहुतेक पॉलिप आयुष्यभर तसेच राहतात.

पुढचा प्रवास जॉन्स हॉपकिन्समध्येच बर्ट व्होगेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखून दाखवला. त्यांनी छोटे पॉलिप, मोठे पॉलिप आणि पूर्ण कर्करोग अशा वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या गाठी घेऊन प्रत्येकात काय काय बिघडले आहे ते तपासले. १९९० मध्ये एरिक फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांनी मांडलेला क्रम आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवला जातो. आधी एपीसीचा ब्रेक जातो. मग के-रॅस हा ॲक्सिलरेटर अडकतो आणि पॉलिप वाढतो. मग १८ व्या गुणसूत्राचा एक तुकडा हरवतो, आणि शेवटाकडे पी५३. या सगळ्याला साधारण दहा वर्षे किंवा जास्तही लागतात. प्रत्येक रुग्णात क्रम असाच असतो असे नाही. पण बहुसंख्य गाठींत, सुमारे ८० टक्क्यांत, एपीसी बिघडलेले सापडते.

पी५३ ची गोष्ट तर मजेशीर आहे. हे प्रथिन १९७९ मध्ये सापडले आणि पुढची दहा वर्षे शास्त्रज्ञ त्याला कर्करोग वाढवणारे समजत होते. कारण प्रयोगांसाठी जे नमुने वापरले जात, तेच बिघडलेले निघाले. १९८९ मध्ये व्होगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने मोठ्या आतड्याच्या कर्करोगातल्या गाठी तपासून दाखवले, की पी५३ हा ॲक्सिलरेटर नसून ब्रेक आहे. पेशीतील डीएनए तुटला की पी५३ विभाजन थांबवते. दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरायला लावते. ते गेले की तुटक्या गुणसूत्रांच्या पेशीही वाढत राहतात.

त्याच १९८९ मध्ये कमल रणदिवे निवृत्त झाल्या.

रोग पसरतो कसा?

पॉलिप अस्तरावरच असतो तोवर धोका नाही, कापून टाकता येतो. पेशींनी अस्तराखालचा पडदा भेदला की त्याला कर्करोग म्हणतात. मग स्नायूचा थर, शेजारच्या लसिकाग्रंथी, आणि रक्तवाहिन्या. आतड्यातले रक्त आधी यकृताकडे जाते, म्हणून हा रोग दूर पसरतो तेव्हा बहुधा पहिल्यांदा यकृतात दिसतो.

पसरण्याचे असे एकच जनुक नाही. पण स्मॅड-४ या ब्रेकचा त्यात मोठा हात आहे. तो १८ व्या गुणसूत्राच्या त्याच हरवणाऱ्या तुकड्यावर असतो. शेजारच्या ऊतींकडून येणारा टीजीएफ-बीटा नावाचा थांबण्याचा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचवणे हे त्याचे काम. स्मॅड-४ गेले की हा निरोप पोचत नाही. ज्या गाठींत ते गेलेले असते त्या जास्त पसरतात आणि रुग्णांची स्थिती तुलनेने वाईट असते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पसरायला निघालेल्या पेशीला सोबत्यांपासून सुटावे लागते, रक्ताच्या प्रवाहात टिकावे लागते, परक्या जागी रुजावे लागते. बहुतेक वाटेतच मरतात. ब्रेक जितके कमी उरलेले, तितकी टिकण्याची शक्यता जास्त.

मग घराण्याचा प्रश्न उरतो किती?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे बहुतांश रुग्ण घराण्याशी संबंध नसलेले असतात. त्यांच्यात दोन्ही ब्रेक आयुष्यातच तुटलेले असतात. वय, धूम्रपान, दारू, लठ्ठपणा, प्रक्रिया केलेले मांस हे धोका वाढवणारे घटक. तंतुमय अन्न संरक्षक मानले जाते. त्या हिशेबाने ज्वारीची भाकरी आणि डाळी-भाज्यांचे जुने सोलापुरी ताट वाईट नाही. भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे. बार्शीत १९८७ पासून चालणारी ग्रामीण कर्करोग नोंदणी, ही देशातली अशी पहिली, तेच सांगते. पण जगात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले, आणि शहरी भारतात तो वाढतो आहे. शिवाय आपल्याकडे अनेक रुग्ण तरुण असतात आणि उशिरा येतात.

थोड्या कुटुंबांत मात्र ब्रेक जन्मतःच तुटका असतो. एपीसीची बिघडलेली प्रत मिळाली तर विशीच्या आत आतड्यात शेकडो पॉलिप येतात आणि उपचार न केल्यास चाळिशीच्या सुमारास कर्करोग जवळजवळ ठरलेला. अशा रुग्णांचे मोठे आतडे आधीच काढावे लागते. एकूण रुग्णांत हे एक टक्क्याहून कमी. दुसरा प्रकार लिंच सिंड्रोम, सुमारे तीन टक्के. यात डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी जनुके बिघडलेली असतात. त्यामुळे पॉलिप कमी येतात, पण आलेला पॉलिप झपाट्याने बिघडतो. गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. घरात एकाला आतड्याचा आणि दुसरीला गर्भाशयाचा कर्करोग, तोही पन्नाशीच्या आत, असे दिसले तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. तुटका ब्रेक मुलाकडे जाण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी असते. निम्मी मुले मोकळी असतात हेही तितकेच खरे, आणि रक्ताच्या तपासणीने ते कळू शकते.

आई, वडील किंवा भावंडाला हा रोग झाला असेल, तर चाळिशीला, किंवा त्यांना रोग कळला त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यातले जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला असतो. लिंचच्या कुटुंबांत ती विशी-पंचविशीत सुरू होते. या तपासणीत पॉलिप दिसला तर तिथेच काढता येतो, ही तिची खरी किंमत. घरच्या कोणालाही शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत अनेक आठवडे टिकलेला बदल, कारण नसताना पांडुरोग किंवा वजनात घट अशी लक्षणे असतील, तर मूळव्याधीचे मलम लावत महिने काढू नयेत. मूळव्याध असली तरी तिच्यासोबत दुसरे काही असू शकते.

औषधांनी ब्रेक परत बसवता येतो का? अजून नाही. अडकलेला ॲक्सिलरेटर दाबून धरणारी औषधे बनवता येतात, हरवलेले प्रथिन परत आणणे फार अवघड. लिंचच्या गाठी मात्र चुकांनी इतक्या भरलेल्या असतात, की शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटू शकतात. प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडणारी औषधे २०१७ पासून अशा रुग्णांसाठी मंजूर झाली आणि काहींना त्यांचा विलक्षण फायदा झाला. किंमत मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे.

रणदिवे यांनी मागे काय ठेवले?

बाल्टिमोरहून त्या परत आल्या, हेच त्या काळात विशेष. परदेशात शिकलेल्यांनी परत यावे म्हणून त्या इतरांच्याही मागे लागत. परळला त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. पेशींना लागणारे पोषकद्रव तयार मिळत नसे, तेव्हा जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रातले तरुण गोळा करून त्यांनी ते इथेच बनवले. कर्ककारक द्रव्ये, पेशीविज्ञान आणि प्रतिकारशास्त्र असे नवे विभाग काढले. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले आणि त्याचा उपयोग पुढे लस बनवण्याच्या प्रयत्नांत झाला. १९७३ मध्ये अकरा सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

त्यांच्या आयुष्यातला आमच्या मते सर्वांत वेगळा भाग अकोले तालुक्यातल्या राजूरचा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या त्या आदिवासी पट्ट्यात मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी केला. निवृत्तीनंतर ग्रामीण भागातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवण्याचे आणि आहाराची माहिती देण्याचे काम चालू ठेवले. जनुके आणि विषाणूंत आयुष्य घालवलेल्या बाई उतारवयात कुपोषित मुलांची वजने पाहत होत्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. मोठ्या आतड्याच्या ब्रेकची जवळपास सगळी मुख्य नावे तोवर सापडली होती. एपीसी १९९१ मध्ये, लिंचची जनुके १९९३-९४ मध्ये.

त्यांच्या केंद्राचे आजचे रूप म्हणजे नवी मुंबईत खारघरला असलेली टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था. घराण्यात कर्करोग असलेल्या कुटुंबांची आनुवंशिक तपासणी आणि समुपदेशन तिथे होते. जाताना घरात कोणाला, कुठला कर्करोग, कितव्या वर्षी झाला याची यादी आणि जुने बायोप्सीचे कागद सोबत असावेत. आजोबांचे कागद बहुधा सापडत नाहीत. निदान वय तरी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे.